खानदेशातील बंदूक

दिवाळीच्या पहाटे सुतळी बाँबचा पहिला आवाज झाला की आमच्या नशिराबादेत म्हातारीकोतारी माणसे कानांवर हात ठेवतात आणि पोरे नाचू लागतात. दारूचा हा आवाज आज खेळाचा झाला आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच गावात तो ऐकला की लोक धान्याची पेवे झाकून, बायकामुले घेऊन वाघूर नदीच्या पात्राकडे पळत असतील, असे मला नेहमी वाटते. कारण गावाचा त्या काळचा इतिहास म्हणजे लुटींचा इतिहास. सातमाळ्याच्या डोंगरातील भिल्ल नाईकांनी नशिराबादला वेळोवेळी सतावले; १८०१ साली जुबा नावाच्या गारदी पुंडाने गाव लुटले; आणि १८०३ च्या भयंकर दुष्काळाच्या तोंडावर पेशव्यांच्याच एका अंमलदाराने पुन्हा लुटले. म्हणजे चोराने लुटले, आणि राखणदारानेही लुटले! बांगड्यांसाठी नावाजलेल्या या गावात त्या दिवसांत काचेपेक्षा काळजेच अधिक फुटली असतील.

तेव्हा बंदूक बाळगण्यास कोणाची आडकाठी नव्हती. गढीवर बंदुका, देशमुखाच्या पदरी बंदुका, पगारासाठी अडून बसलेल्या अरब शिपायांच्या खांद्यावर बंदुका. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला, त्या वेळी मालेगावच्या किल्ल्यातून अरबांना हुसकण्यासाठी त्यांना वेढा घालून तोफा डागाव्या लागल्या. अरब गेले, राहिले ते भिल्ल. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास बसून काही नाईकांना नेमणुका बांधून दिल्या, काहींवर पलटणी धाडल्या. पलटण डोंगरात शिरली की वाटा हरवत, माणसे तापाने पडत, आणि भिल्ल दुसऱ्या खोऱ्यात निघून जात. सात वर्षे हाच खेळ चालला.

मग १८२५ साली मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने वेगळाच डाव मांडला. ज्यांच्या भयाने गावे ओस पडली त्यांच्याच हाती सरकारी बंदूक द्यावयाची! कामगिरी सोपविली ती जेम्स औट्रम नावाच्या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटवर. त्याचे ठाणे धरणगाव, म्हणजे आमच्यापासून फार तर एक दिवसाची पायपीट. तो आधी लढला. पण पकडलेल्यांपैकी काहींना त्याने सोडून दिले आणि त्यांच्याच करवी त्यांचे आप्त बोलावून घेतले. पुढे तो त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस जाऊ लागला, पहारा न ठेवता त्यांच्यात राहू लागला. मूठभर माणसांचे पथक बघता बघता काही शेकड्यांवर गेले. तीरकामठा धरणारे हात कवायत शिकले.

या पथकाची एक हकीकत मला फार आवडते. ते मालेगावास गेले, तेव्हा औट्रमच्या जुन्या पलटणीतील शिपाई, त्यांत उच्चवर्णीय पुष्कळ, त्यांना आपल्यात घेऊन बसले आणि विडा देऊन त्यांचा मान केला. ज्यांना गावच्या वेशीत कोणी उभे करीत नसे त्यांना पानसुपारी! माझ्या मते त्या भिल्लांना बंदुकीने जिंकले नाही, या विड्याने जिंकले. अर्थात सरकारचा हेतू काही धर्मादाय नव्हता. स्वस्तात राखणदार मिळत होता, डोंगराची वाट जाणणारा माणूस मिळत होता, आणि भिल्लांच्या विरुद्ध भिल्लच उभे राहत होते. तरीही रस्ते मोकळे झाले आणि उजाड खेडी पुन्हा वसली, हे नाकारून कसे चालेल?

पण दिलेली बंदूक नेहमी देणाऱ्याच्याच बाजूने झडते असे नाही. १८५७ च्या सप्टेंबरात हाच औट्रम हॅवलॉकसह लखनौत शिरत होता. त्याच सुमारास, ४ ऑक्टोबरला, नांदूर शिंगोट्याजवळ पोलिसांचा सुपरिंटेंडेंट हेन्री हा भागोजी नाईकाच्या टोळीशी लढताना ठार झाला. हा भागोजी कोण? नगरच्या पोलिसांतलाच पूर्वीचा माणूस. नोव्हेंबरात सेंधवा घाटात सरकारचा सुमारे सात लाखांचा खजिना लुटला गेला. लुटणारा खाज्या नाईक. आणि तो कोण? त्याच घाटाचा जुना राखणदार! एका प्रकरणात शिक्षा होऊन त्याची नोकरी गेली होती. बंडाच्या धामधुमीत सरकारने त्याला पुन्हा बोलावून घेतले, तो आलाही, आणि थोड्याच दिवसांत माणसे घेऊन निघून गेला. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीची मोठी लढाई झाली. खाज्या पुढे १८६० साली दगाफटक्याने मारला गेला. भागोजीला १८५९ मध्ये फ्रँक सूटर या पोलीस अधिकाऱ्याने गाठले. हाच सूटर नंतर वीसहून अधिक वर्षे मुंबई शहराचा पोलीस कमिशनर होता.

या धड्यानंतर सरकारने दोन गोष्टी केल्या. रयतेची हत्यारे काढून घेतली, आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा करून परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरविला. गोऱ्यांना मात्र सूट! काँग्रेसने या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले ते उगीच नव्हे. कपाशीत रानडुकरे शिरली तरी शेतकऱ्याने डबडे वाजवीत बसावे, असा तो न्याय होता. दुसरी गोष्ट पोलिसांच्या बाबतीतली. लंडनचा पोलीस दंडुका घेऊन फिरे. पण हिंदुस्थानासाठी नमुना घेतला तो आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांचा. नेपियरने तो सिंधमध्ये आणला आणि तेथून मुंबई इलाख्याने उचलला. गंमत अशी की, या पोलिसांवरही सरकारचा पुरता विश्वास नव्हता. त्यांच्या वाट्याला बहुधा जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका येत. लष्करी रायफलीचे पेच तासून, ती एकेरी बाराची करून पोलिसांस देण्याची रीत पुढे दीर्घकाळ चालली. रयतेला भिववील, पण पलटणीशी लढू शकणार नाही, असे ते हत्यार.

निःशस्त्र गावात एकट्याच्या हाती बंदूक असली म्हणजे काय होते, हे खानदेशाने ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला पाहिले. तिरंगा घेतलेल्या पोरांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम दास हेही गेले. समोरून गोळी झाडणारेही याच देशाचे होते, ही गोष्ट मला आजही बोचते. दीड वर्षाने, १४ एप्रिल १९४४ ला, चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या माणसांनी नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना सशस्त्र पहाऱ्यातून काढून घेतला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. सेंधवा घाटाची आठवण तेव्हा खानदेशातल्या जुन्या माणसांना झाली असेलच.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली हत्यारांचा नवा कायदा आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवाना राहिला. पोलिसांच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्री राहिली. तिची कसोटी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत लागली. अतिरेक्यांच्या हाती एके-४७, आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आमच्या शिपायांकडे मागल्या शतकातील रायफली, कित्येकांकडे नुसत्या काठ्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी बंदुकीची नळी धरली आणि अंगावर गोळ्या घेतल्या. म्हणून कसाब जिवंत सापडला. त्यानंतर राम प्रधान समिती बसली, 'फोर्स वन' उभे राहिले, नवी शस्त्रे आली. येणे जरूरच होते. मात्र चौकात स्वयंचलित बंदूक घेऊन उभा असलेला पोलीस पाहिला की माझ्या डोळ्यांसमोर ओंबळ्यांबरोबर शिरीषकुमारही येतो. दोघांपैकी एकाला विसरून हा प्रश्न सोडविता येईल, असे मला वाटत नाही.

२०१९ साली कायदा आणखी कडक झाला; एका माणसास तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. तशी खेड्यापाड्यांत परवान्याची बंदूक मुळातच क्वचित. निवडणूक जाहीर झाली की परवानेवाल्यांना ती ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात, आणि निकाल लागून गेल्यावर मंडळी पावती दाखवून ती परत घेऊन येतात.