प्रोग्रामर एवढे जोक का मारतात? बग, रबरी बदक आणि रात्री दोनची सोबत

मोबाइलचं नेट गेलं की क्रोममध्ये एक छोटा डायनासोर दिसतो. त्याला टॅप केलं की तो पळायला लागतो आणि आपण निवडुंगावरून उड्या मारत बसतो. हा गेम 2014 मध्ये आला. त्यामागचा जोक साधा आहे: नेट नाही म्हणजे आपण थेट डायनासोरच्या काळात गेलो! कुणीतरी प्रोग्रामरने विचार केला, की वैताग येणारच आहे तर निदान थोडं हसू तरी येऊ दे.

प्रोग्रामर लोकांचं जग अशा जोकने भरलेलं आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही मंडळी काम सोडून मीम्स पाठवत बसतात. मी स्वतः हेच काम करतो, म्हणून सांगतो: बऱ्याचदा त्या मीममुळेच काम पुढे सरकतं. ते कसं, हे या लेखात बघू.

ताण येतो कुठून?

सुताराचं माप चुकलं तर एक फळी वाया जाते. प्रोग्रामरची एक ओळ चुकली तर तीच चूक एकाच वेळी लाखो फोनवर जाऊ शकते. चूक डोळ्यांना दिसत नाही, शोधायला कधी दहा मिनिटं लागतात तर कधी तीन दिवस. त्यात 'ऑन-कॉल' नावाची पाळी असते. त्या आठवड्यात सिस्टम बंद पडली, तर रात्री दोन वाजताही तुमचाच फोन वाजतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी चालू डेटाबेसमध्ये एका ग्राहकाचा पत्ता बदलत होतो. कमांडमध्ये 'व्हेअर' लिहायला विसरलो. व्हेअर म्हणजे 'फक्त या ग्राहकाचा बदल' अशी अट. अटच नसल्यामुळे सगळ्याच ग्राहकांचा पत्ता एक झाला. पोटात गोळा आला. दोन मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. कुणाला न सांगता काही करता येईल का, हा विचारही मनात येऊन गेला.

शेवटी टीमच्या ग्रुपवर लिहिलं. आमच्या सीनियर ताईंचं उत्तर आलं, "अभिनंदन! सगळे ग्राहक एकाच वाड्यात राहायला गेले." आणि लगेच दुसरा मेसेज: "घाबरू नकोस. बॅकअप आहे, मी तो लावायला घेते. तू कमांड चालवल्याची नेमकी वेळ लिहून ठेव."

मी हसलो, आणि हात थरथरायचे थांबले. त्या जोकमध्ये माझी चूक होती, पण माझी लायकी काढलेली नव्हती. आणि जोकच्या पाठोपाठ मदत आली. चांगल्या टीममधला विनोद असाच असतो.

'बग' हा शब्दही एका जोकमुळे गाजला

9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क 2 नावाचा खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर बिघडला. उघडून पाहिलं तर आत रिलेमध्ये एक पतंग अडकलेला. त्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली लिहिलं, की प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच घटना.

अनेकांना वाटतं, की बग हा शब्द तेव्हा जन्मला. तसं नाही. यंत्रातल्या दोषाला इंजिनिअर आधीपासूनच बग म्हणत. एडिसनच्या 1878 च्या पत्रातही तो शब्द आहे. म्हणूनच तर ती नोंद विनोदी आहे: रोज ज्याला 'किडा' म्हणतो, तो आज खरोखरच किडा निघाला! ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट.

कबुतर आणि किटली: गंमत म्हणून लिहिलेले नियम

इंटरनेट कसं चालावं याचे नियम 'आरएफसी' नावाच्या कागदपत्रांत लिहिलेले असतात. वाचायला अतिशय कोरडे. पण 1 एप्रिलला त्यात एखादा गमतीचा नियम घालायची प्रथा आहे.

1 एप्रिल 1990 ला आलेल्या आरएफसी 1149 मध्ये इंटरनेटचा डेटा कबुतराच्या पायाला बांधून कसा पाठवायचा, हे अगदी गंभीर भाषेत लिहिलं होतं. 2001 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या लिनक्स मंडळींनी ते खरंच करून पाहिलं. 9 पॅकेट पाठवली, 4 उत्तरं परत आली. सगळ्यात जलद उत्तरालाही 53 मिनिटं लागली. पुढच्या वेळी पिंग जास्त आहे म्हणून गेम सोडाल, तेव्हा ही कबुतरं आठवा.

दुसरा जोक 418 चा. पेज सापडलं नाही की 404 हा एरर येतो, तो तुम्ही पाहिला असेल. 1 एप्रिल 1998 च्या आरएफसी 2324 मध्ये कॉफीचं भांडं नेटवरून चालवायचे नियम होते. त्यात चहाच्या किटलीला कुणी कॉफी बनवायला सांगितली, तर तिने 418 हे उत्तर द्यायचं. अर्थ: 'मी किटली आहे.' 2017 मध्ये काही सॉफ्टवेअरमधून हा कोड काढून टाकायची सूचना आली, तेव्हा एका 15 वर्षांच्या मुलाने तो वाचवायची मोहीम सुरू केली आणि जगभरचे प्रोग्रामर त्याच्या मागे उभे राहिले. 418 वाचला. 2022 च्या अधिकृत नियमांतही हा क्रमांक राखून ठेवलेला आहे.

किटलीसाठी एवढी धडपड कशाला? कारण असा जोक म्हणजे ओळखीची खूण. कोणत्याही देशातल्या प्रोग्रामरला 418 म्हणा, तो हसेल. अनोळखी माणसं एका क्षणात आपली वाटायला लागतात.

रबरी बदकाची युक्ती

हा जोक तुम्हालाही उपयोगी पडेल. टेबलावर रबरी बदक ठेवायचं आणि अडलेला कोड त्याला एकेक ओळ करून मोठ्याने समजावून सांगायचा. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 1999 च्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर पोहोचली.

बदक काही बोलत नाही, तरी उत्तर सापडतं. मनातल्या मनात वाचताना आपण पायऱ्या गाळतो, 'हे तर बरोबरच असणार' असं धरून चालतो. मोठ्याने सांगताना पायरी गाळता येत नाही. शिवाय बदक 'एवढंही कळत नाही?' असं म्हणत नाही. गणित अडलं तर करून बघा, बदक नसेल तर गणपतीची छोटी मूर्तीही चालेल.

एका रात्रीची गोष्ट: गिटलॅब, 2017

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक दमलेला इंजिनिअर सिस्टम दुरुस्त करत होता. त्याला एका सर्व्हरवरचं फोल्डर पुसायचं होतं, पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. दोन-एक सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, ऐनवेळी त्या धड चालल्या नाहीत. सुमारे 6 तासांपूर्वी त्याच इंजिनिअरने दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिनेच वाचवलं. मधल्या 6 तासांचा काही डेटा मात्र कायमचा गेला.

कंपनीने हे लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नोंदी सगळ्यांना खुल्या ठेवल्या. हजारो लोक बघत होते. शिव्याही आल्या, पण त्याबरोबर 'हगऑप्स' हा हॅशटॅग वाहत होता. हग म्हणजे मिठी आणि ऑप्स म्हणजे सिस्टम चालू ठेवणारी मंडळी. इतर कंपन्यांतले लोक त्यांना धीर देत होते, स्वतःच्या चुका सांगून हसवत होते. नंतर लिहिलेल्या अहवालात त्या इंजिनिअरचं नाव नव्हतं. प्रश्न 'कुणी केलं' हा नव्हता, 'एका कमांडने एवढं कसं होऊ शकलं' हा होता. याला दोष न देता केलेली चौकशी म्हणतात. चूक सांगितल्यावर शिक्षा होणार असेल तर माणसं चूक लपवतात, आणि लपलेली चूक पुढे जास्त महाग पडते.

हसण्याने काय होत नाही

आता दुसरी बाजू. प्रत्येक जोक चांगला नसतो.

- नवख्यावर हसू नका. विम हा एडिटर बंद कसा करायचा, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न 2017 पर्यंत 10 लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. म्हणजे 'साधा' प्रश्न कित्येकांना पडतो. विमवर हसा, विचारणाऱ्यावर नको.
- जोकमागचं ऐका. 'झोप म्हणजे काय रे भाऊ' असं मीम कुणी रोज टाकत असेल, तर तो कदाचित जोक नसेल. ग्रुपवर हसायची इमोजी टाकून पुढे जाऊ नका, फोन करा.
- स्क्रीनशॉट टाकताना जपा. गमतीच्या एररमध्ये पासवर्ड, ग्राहकाचं नाव किंवा फोन नंबर नाही ना, ते आधी तपासा.
- मीम हा उपचार नाही. रोज चौदा तास काम होत असेल, तर ते वरिष्ठांशी बोलूनच सुटेल. मन फारच जड झालं असेल तर सरकारच्या टेली मानस या मोफत हेल्पलाइनवर 14416 ला फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

माझ्या टीममध्ये गेल्या महिन्यात एका नवीन मुलीने चुकून टेस्टचा मेसेज खऱ्या ग्राहकांना पाठवला. ग्रुपवर तिचं 'सॉरी' आलं, पुढे बरेच टिंब. मी लिहिलं, "वाड्यात स्वागत आहे. माझी खोली दाराशेजारीच आहे." आणि लगेच खाली: "चल, मेसेज कुणाकुणाला गेला ती यादी काढू."