भेंडवळची घटमांडणी आणि रक्ताचा वारसा

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ येथील शेतात जो घट मांडला जातो, त्याची परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली असे मानले जाते, आणि तिचा अधिकार त्यांच्याच घराण्यात राहून अलीकडे पुंजाजी महाराज व सारंगधर महाराज वाघ यांच्याकडे आला. मध्यभागी खड्डा करून पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडोई, कुरडई, आणि भोवती गहू, ज्वारी, तूर, सरकी, अंबाडी, करडी अशी अठरा प्रकारची धान्ये गोलाकार मांडली जातात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते धान्य विखुरले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून पावसापाण्याचे भाकीत सांगितले जाते व ते ऐकायला शेतकरी मोठ्या संख्येने जमतात.

एका घराण्यात एक शक्ती उतरत जाते ही कल्पना आधुनिक कथाविश्वालाही नवी नाही. अनेक लेखक-चित्रकारांनी मिळून फुलवलेल्या मार्व्हल कॉमिक्सच्या सामायिक कल्पित विश्वात, 1963 साली अवतरलेल्या ‘एक्स-मेन’ या पात्रांची अतिमानवी शक्ती उत्परिवर्तनातून, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या जनुकाच्या रचनेत घडलेल्या बदलातून, आलेली दाखवली आहे. वास्तवातही असे क्वचित घडते: 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणारा फिनलंडचा स्कीपटू ईरो मांतूरांता याच्या कुटुंबात तांबड्या रक्तपेशी वाढवणारे उत्परिवर्तन असल्याचे पुढे 1993 साली सिद्ध झाले, आणि ते पुरुषांप्रमाणेच स्त्रियांकडेही उतरू शकणारे होते.

भेंडवळला ही जनुकांची कसोटी लावली, तर भाकिताची शक्ती रक्तातून उतरते हा दावा टिकत नाही. पिढी पंचवीस वर्षांची धरल्यास साडेतीनशे वर्षांत चौदा पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढीत निम्मा वाटा दुसऱ्या पालकाकडून येत असल्याने चौदाव्या वंशजाकडे मूळ पुरुषाच्या जनुकांचा सरासरी 16,384 वा हिस्सा उरतो. बापाकडून मुलाकडे जवळजवळ अखंड जाणारे वाय गुणसूत्र तेवढे याला अपवाद आहे, पण त्यावरील मोजकी जनुके मुख्यतः पुरुषत्व व प्रजननाशी संबंधित असतात. शिवाय लेकीच्या मुलांकडेही लेकाच्या मुलांइतकाच वाटा जात असताना अधिकार मात्र वाघ या आडनावाबरोबरच चालत आला. ही रीत पाटीलकी किंवा जोशीपण यांसारख्या वतनांची, म्हणजे वंशपरंपरागत हक्कांची आहे. तिच्याबरोबर मांडणीची पद्धत, संकेतांचे अर्थ आणि गावाने दिलेला मान हेही पुढच्या पिढीला मिळतात.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा आक्षेप या भाकितांना शास्त्रीय आधार नाही असा आहे, आणि तो वारशाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. त्याचा निवाडा करायचा तर वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येणारी भाकिते आणि तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून अभ्यासकांनी तपासाव्यात.