बोरघाटांतील लोखंडी वाट

पुण्याहून मुंबईस जावयाचें म्हणजे पनवेलच्या बंदरापर्यंत जमिनीनें आणि तेथून पुढें मचव्यानें, असा क्रम पेशवाईंत होता. पेशवाई बुडाल्यावरही पुष्कळ वर्षें तोच राहिला. खाडींतली वाट भरतीओहोटीच्या स्वाधीन. भरती चुकली कीं प्रवाशानें वळकटीवर बसून पाण्याकडे पाहत राहावें. तात्पर्य, पुण्याच्या माणसाला समुद्राचें दार म्हणजे पनवेल, आणि शहर व दार यांच्यामध्यें आडवा उभा राहिलेला तो बोरघाट. २०२५ सालच्या डिसेंबरापासून त्याच पनवेलच्या शेजारीं नव्या मुंबईच्या विमानतळावरून विमानें उडूं लागलीं, आणि पुण्याकडच्या प्रवाशानें तेथें वेळेवर कसें पोंचावें, हा विषय पुन्हां निघाला. मचव्याच्या जागीं विमान आलें, परंतु मध्यला डोंगर हललेला नाहीं. तो डोंगर लोखंडी रुळांनीं पहिल्यानें कसा ओलांडला गेला, ही हकीगत म्हणूनच आज पुन्हां सांगण्यासारखी आहे.

घाटांतून माणसांची ये-जा फार प्राचीन. कार्ल्याचें लेणें हें या वाटेवरचेंच. तेथील खांबांवर धेनुकाकट नांवाच्या गांवच्या यवनांनीं दिलेल्या देणग्या कोरलेल्या आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशचा व्यापारी ही चढण चढून मावळांत येत होता. तथापि बैलाच्या पाठीवर माल नेणें निराळें आणि सैन्य किंवा तोफा नेणें निराळें. १६६१ च्या फेब्रुवारींत कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूनें कोंकणांत उतरूं लागला, तेव्हां उंबरखिंडीच्या अरुंद जागेंत शिवाजीमहाराजांनीं त्याला असा कोंडला कीं, खंडणी देऊन व सामान टाकून त्यास परत फिरावें लागलें. पुढें १७७८ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांची फौज रघुनाथरावांस घेऊन मुंबईहून निघाली, ती पनवेलास उतरली आणि हाच घाट चढूं लागली. तोफा वर ओढावयाच्या आणि हजारों बैलांचा तांडा सांभाळावयाचा, यांत दिवसामागून दिवस गेले. कार्ल्यास कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे मराठी लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. ९ जानेवारीस फौज तळेगांवास पोंचली, ती तेथून मागें फिरली आणि वडगांवास तिला मराठ्यांशीं तह करावा लागला. मराठ्यांच्या पराक्रमाचें वर्णन करतांना या घाटाचा वांटा मात्र बहुधा विसरला जातो. इंग्रज तो विसरले नाहींत. सत्ता हातीं आल्यावर त्यांनीं घाटांतून गाडीरस्ता बांधला आणि १८३० च्या नोव्हेंबरांत मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तो खुला केला.

आगगाडीची गोष्ट त्यानंतर वीस वर्षांनीं सुरू होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी १८४९ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली, हें तर शाळेंतल्या मुलांसही पाठ असतें. परंतु कंपनीच्या भागीदारांचें लक्ष ठाण्यावर नव्हतें. देशावरचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर कसा आणावा, यावर होतें. सह्याद्रि ओलांडल्यावांचून तो येणार नव्हता. आरंभीं माळशेज घाटाचा विचार झाला. पुढें मोजणीनंतर तो सोडून नाशिककडे थळघाट आणि पुण्याकडे बोरघाट अशा दोन वाटा ठरल्या. कंपनीचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले यानें या कामांत आपलें आयुष्य घातलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. कारण घाट पुरा होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, प्रकृति खालावून तो विलायतेस मरण पावला.

रेल्वे दोन्ही टोंकांकडून घाटाकडे सरकत होती. १८५६ च्या मे महिन्यांत गाडी घाटाच्या पायथ्याशीं पळसदरी व खोपोली येथें पोंचली. वरच्या अंगास १४ जून १८५८ रोजीं खंडाळा ते पुणें हा भाग सुरू झाला. आतां मध्यें राहिला तो निव्वळ घाट. जवळजवळ पांच वर्षें असा चमत्कारिक देखावा होता कीं, मुंबईहून निघालेला गृहस्थ वाफेच्या जोरावर खोपोलीस यावयाचा, तेथें गाडींतून उतरून पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसावयाचा, घाट चढून खंडाळ्यास जावयाचा आणि तेथें पुन्हां आगगाडींत बसून पुणें गांठावयाचा. माणसाचें एक वेळ ठीक. तो आपल्या पायांनीं उतरतो आणि चढतो. मालाचें तसें नव्हे. प्रत्येक गांठोडें एका टोंकास डब्यांतून काढावें, गाडीवर घालावें, घाटभर न्यावें आणि दुसऱ्या टोंकास पुन्हां डब्यांत भरावें. १८६० सालीं रूळ सोलापुरापर्यंत गेले. म्हणजे शेंकडों मैल लोहमार्ग तयार, आणि अडचण काय ती पंधरा-सोळा मैलांची. दोन टोंकांना केवढाही खर्च केला तरी मधली फट बुजेपर्यंत तो अर्धा वायां जातो, हा हिशेब कंपनीला या पांच वर्षांत रोज मांडावा लागला असला पाहिजे.

त्या पंधरा-सोळा मैलांत काय होतें? पळसदरी समुद्रसपाटीपासून १९६ फूट उंच आणि लोणावळा २,०२७ फूट. म्हणजे १,८३१ फुटांची चढण. सरासरी दर सुमारें ४६ फुटांस एक फूट, आणि सर्वांत कठीण जागीं दर ३७ फुटांस एक फूट, असा चढ धरावा लागला. वाफेच्या इंजिनाला एवढा चढ म्हणजे कमाल. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानींचे पूल आणि बावीस लहान पूल बांधावे लागले. सुमारें वीस लाख घनयार्ड दगड-माती खोदून काढावी लागली. डोंगर काळ्याभोर पाषाणाचे व उभे कड्यांचे. माथ्यावरून उभ्या विहिरी खणून बोगद्याच्या पोटांत उतरावें व कामाचीं तोंडें वाढवावींत, तर डोंगराची उंचीच आड येई. म्हणून दोन्ही तोंडांकडून पहारीनें भोंकें पाडून, दारू ठासून, सुरुंग लावीत हात-हात पुढें सरकावें लागे.

एके ठिकाणीं डोंगराचा सोंडा इतका निमुळता होता कीं, गाडी वळविण्यास जागाच नव्हती. तेथें बर्कलेनें एक युक्ति योजिली. गाडी चढत चढत सोंड्याच्या टोंकाशीं येई आणि थांबे. इंजिन सुटून दुसऱ्या टोंकास लागे. आणि मग गाडी आली त्याच्या उलट तोंडानें, दुसऱ्या रुळावरून, पुढची चढण चढूं लागे. नागमोडी पाऊलवाटेनें डोंगर चढणारा धनगर वळणावर जसा तोंड फिरवितो, तसाच हा प्रकार. उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच तर ती आड चढणीवर चढून आपोआप थांबावी, यासाठीं घाटांत बगलेचे रूळही ठेविलेले होते.

परंतु युक्ति कागदावर राहते. दगड माणसानें फोडावा लागतो. २४ जानेवारी १८५६ रोजीं विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदारानें काम सुरू केलें. माणसें कोंकणांतून आलीं, देशावरून आलीं. कांहींजण सुरुंगाचें काम करीत, कांहीं दगड घडीत; बायका आणि मुलें टोपल्यांतून माती वाहत. पावसाळा आला कीं उघड्यावरचें काम बंद पडे आणि मजूर शेतीसाठीं गांवीं परतत. दसऱ्या-दिवाळीनंतर पुन्हां जमवाजमव. मावळचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला यांत नवल वाटणार नाहीं.

या मजुरांस पैसा कंत्राटदाराच्या हातून थेट मिळत नसे. मध्यें पोटकंत्राटदार, त्याच्या खालीं मुकादम. आणि प्रत्येक हातांतून पैसा खालीं येतांना झिजत येई किंवा उशीरां येई. १८५९ च्या जानेवारींत थकलेल्या मजुरीवरून घाटांत मोठा दंगा झाला. मजुरांनीं गोऱ्या देखरेख्यांवर हल्ला केला. हें कृत्य समर्थनीय नव्हे. परंतु सरकारनें चौकशी केली तेव्हां मजुरांची तक्रार मुळांत खरी असल्याचें आढळून आलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दोन महिन्यांत फेव्हिएलनें काम सोडलें. त्या दंग्याचें एक फळ असें कीं, १८६० सालीं हिंदुस्थान सरकारनें रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांचा निकाल मॅजिस्ट्रेटानें लवकर लावावा, असा कायदा केला. कायदा दुधारी होता: मजुरी बुडविणाऱ्यावर दाद मागतां येई, तशी काम टाकून जाणाऱ्या मजुरासही शिक्षा होई. तरी पण सह्याद्रीच्या एका कड्यावर उपाशी राहिलेल्या माणसांच्या ओरडण्यानें कलकत्त्याच्या कायदेमंडळास कलम लिहावयास लाविलें, हें खरें. आगगाडीच्या इतिहासांत पुलांचीं आणि बोगद्यांचीं मापें फुटाफुटानें दिलेलीं असतात. या प्रकरणास मात्र बहुधा दोन ओळी मिळतात.

पुढचें कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यानें घेतलें. तो विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत, १८५९ च्या नोव्हेंबरअखेर, आजारानें मरण पावला. त्याची पत्नी अॅलिस ही परत जाईल असेंच कोणासही वाटलें असतें. तिनें कंत्राट आपल्याकडे घेतलें; अॅडमसन व क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनिअरांकडे प्रत्यक्ष कामाची व्यवस्था सोंपविली आणि शेवटपर्यंत तें निभावून नेलें. त्या काळीं परक्या देशांत एका विधवेनें घाटाएवढें कंत्राट पुरें करावें, हें कौतुकास्पद आहे यांत संशय नाहीं. १८६१ च्या आरंभीं तर एकाच वेळीं ४२,००० हून अधिक माणसें कामावर होतीं. हा आंकडा एका मोठ्या फौजेचा आहे. आणि या फौजेची छावणी होती रानांत, गवताच्या झोंपड्यांतून, ओढ्याच्या पाण्यावर.

तेव्हां पटकी आली यांत आश्चर्य तें काय? पटकीनें, तापानें, सुरुंगांच्या अपघातांनीं माणसें मेलीं. सव्वासात वर्षांच्या या कामांत सुमारें २५,००० माणसें दगावलीं, असा अंदाज इतिहासग्रंथांतून दिला जातो. म्हणजे मैलास पंधराशेंहून अधिक! खर्चाचा आंकडा सुमारें अकरा लक्ष पौंड. तो कंपनीच्या वह्यांतून नीट उतरला.

२१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाटाचा मार्ग खुला झाला, आणि मुंबईहून पुण्यास न उतरतां जातां येऊं लागलें. मुहूर्त मोठा सांपडला होता. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें, तिकडचा कापूस विलायतेस जाणें बंद झालें होतें आणि मुंबईंत कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्याच वेळीं घाट मोकळा झाला. मुंबईचें वैभव या वर्षांत कसें वाढलें आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच शेअरबाजार कसा कोसळला, तो इतिहास निराळा आहे.

घाटाखालीं व घाटावर मात्र गांवांचीं दैवें पालटलीं. पनवेलचा मचवा ओस पडला. खोपोली मुख्य मार्गावरून एका बाजूस राहिली. उलट लोणावळा, जें पूर्वीं एक सामान्य खेडें होतें, तें रेल्वेचें ठाणें झालें. इंजिनांच्या पाण्यासाठीं भुशीचें धरण झालें, ज्याच्या पायऱ्यांवर आतां पावसाळ्यांत शहरांतलीं मंडळी भिजावयास जातात. लोणावळ्याची चिक्कीही रेल्वेच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गूळ-शेंगदाण्यांतूनच निघाली, असें तिकडे सांगतात. अंगांत बळ राहावें आणि पैसा थोडा पडावा, यासाठीं याहून सोयीचें खाणें कोणतें असणार!

घाटानें मात्र लागलींच हार मानली नाहीं. १८६७ च्या पावसाळ्यांत माहुकीमळीचा आठ कमानींचा उंच पूल कोसळला व तो पुन्हां बांधावा लागला. तोंड फिरविण्याचें तें स्टेशन साठांहून अधिक वर्षें चाललें. १९२९ सालीं नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला आणि विजेचीं इंजिनें आलीं, तेव्हां तें बंद झालें. पुढच्याच वर्षीं, १ जून १९३० रोजीं, ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. पुण्यांतला नोकरदार सकाळीं निघून मुंबईंत काम उरकून रात्रीं घरीं जेवावयास येऊं लागला.

चढ मात्र तेवढाच राहिला. पुण्याकडे जाणारी साधी गाडी अजूनही कर्जतास थांबते. मागच्या बाजूस जादा इंजिनें जोडलीं जातात, प्रवासी तेवढ्यांत खिडकींतून वडा घेतात, आणि गाडी पळसदरी मागें टाकून ठाकूरवाडीच्या दिशेनें हळूहळू चढूं लागते. २०२३ पासून सोलापुरास जाणारी ‘वंदे भारत’ ही गाडी मात्र मागच्या इंजिनांवांचून आपल्याच बळावर चढते.