सार्वजनिक बागेत श्रमदान: मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

सातारा-सांगली भागाला श्रमदान नवीन नाही. जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ मध्ये कोरेगाव तालुक्यातील वेळू आणि २०१८ मध्ये माण तालुक्यातील टाकेवाडी ही गावे पहिली आली, ती गावकऱ्यांच्या कष्टांमुळेच. तुमच्या गावात किंवा कॉलनीत लोकांनी मिळून चालवलेली बाग असेल, तर घरात एक प्रश्न येतोच: "बाबांना शुगर आहे, बीपी आहे, त्यांना जाऊ द्यायचे का?"

बहुतेक रुग्णांसाठी उत्तर 'हो' असे आहे. बाग सोडण्याची गरज नसते, फक्त काम निवडून घ्यावे लागते.

फायदा काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. खुरपणी, आळी करणे, झाडांना पाणी घालणे ही कामे त्यात धरता येतात. शिवाय चार माणसांत मिसळणे होते. निवृत्तीनंतर एकटे पडलेल्यांना त्याचा मोठा आधार वाटतो.

जाण्यापूर्वी

• नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी घ्यावी लागते. शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना सांगा.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेत असाल, तर उपाशीपोटी जाऊ नका. खिशात साखर ठेवा.

काम करताना

कुदळ, टिकाव आणि भरलेली घमेली इतरांवर सोपवा. जड वस्तू श्वास रोखून उचलल्यास रक्तदाब एकदम वाढतो. गुडघे दुखत असतील तर उकिडवे न बसता स्टूलवर बसून रोपे लावा.

माण, खटाव, जत, आटपाडी या भागांत उन्हाळ्यात सकाळी लवकर काम आटोपावे. लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना उन्हात चक्कर येऊ शकते. पाणी किती प्यावे हे हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. काम थांबवा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी शुगर तपासा. ती ७० पेक्षा कमीच असेल, तर पुन्हा साखर घ्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका.

पायांकडे लक्ष द्या

मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही आणि तीच जखम पुढे चिघळते. काही वेळा बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. म्हणून बागेत अनवाणी किंवा चपलेवर काम करू नका. बंद बूट घाला, घालण्यापूर्वी ते झटका. घरी आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर घरच्यांनी पाहावे. जखम दिसल्यास साबण-पाण्याने धुवा. हळद, माती, चुना लावू नका. मधुमेह असेल तर छोटी जखमही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ताबडतोब रुग्णालयात जा

• छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे.
• साप चावल्याची शंका. मण्यार चावल्यावर खूण दिसेलच असे नाही. आवळून बांधू नका, कापू नका. रुग्णाला न चालवता १०८ वर फोन करा.

गवतात काम केल्यानंतर पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर बागेत गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कीटकांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफससारख्या आजाराचे निदान त्यामुळे लवकर होऊ शकते.