वेलवांगी कुंडीत कशी आली

टोमॅटोवर एक भाग करा, असं मला 2023च्या जुलैपासून बरेच जण सांगतायत. तो महिना आठवत असेल. किलोचा भाव शंभरावर गेला, काही शहरांत दोनशेही पार झाला आणि इंदूरपासून बंगळुरूपर्यंत आपल्या अनेक मराठी घरांतल्या गॅलऱ्यांत टोमॅटोची रोपं आली. पाठोपाठ तक्रारीही आल्या, आणि त्या जवळपास एकसारख्याच आहेत. झाड ग्रिलच्या वर गेलं, फुलं लागली, गळली, हाती दोनच फळं आली. इतिहास सांगणाऱ्याला बागकामाचा प्रश्न का विचारता, असं म्हणून मी तो टाळू शकलो असतो. पण उत्तर खरोखरच इतिहासात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे टोमॅटो हे मुळात 'झाड' नाहीच. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला, आजच्या पेरू आणि इक्वेडोरच्या बाजूला त्याचे रानटी भाऊबंद अजून वाढतात. ते जमिनीवर पसरतात, जिथे खोड मातीला टेकेल तिथे मुळं सोडतात आणि पुढे जातात. आपण ज्याला हंगामी पीक समजतो, ते अनुकूल हवेत वर्षानुवर्षं जगू शकणारं वेलीसारखं झुडूप आहे. आपल्याकडे टोमॅटोला वेलवांगी म्हणत. कोणी ठेवलं असेल ते नाव, पण त्या माणसाने झाड नीट बघितलं होतं! बंगालीत हाच 'बिलाती बेगुन', म्हणजे विलायती वांगं, आणि आपल्याकडे काही भागांत अजून 'भेदरं'. रोप लावताना खालची पानं काढून अर्धं खोड मातीत पुरा असं माळी सांगतो, त्याचं कारण या रांगण्यात आहे. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात.

हे रानटी फळ माणसाळलं ते मुख्यतः मेक्सिकोत. नावही तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आलं. 1521मध्ये स्पॅनिशांनी अॅझ्टेकांची राजधानी जिंकली आणि त्यानंतर काही दशकांतच इटलीत मात्तिओली या वैद्य-वनस्पतितज्ज्ञाने टोमॅटोची नोंद केली. ते वर्ष 1544. युरोपात बराच काळ लोक ते शोभेचं म्हणून लावत, खायला कचरत. आपल्याकडे ते बहुधा पोर्तुगिजांबरोबर आलं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही जॉर्ज वॅट लिहितो की भारतात ते मुख्यतः युरोपीय लोकांसाठी पिकवतात, बंगाली मात्र आंबट कालवणात घालतात. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही टोमॅटो चालत नाही. आमटीत, भाजीत, सारात तो आता इतका मुरलाय की हे खरं वाटत नाही.

या प्रवासात फुलाच्या आत एक बदल झाला, आणि मला तो सगळ्या दर्यावर्दींपेक्षा मोठा वाटतो. रानटी टोमॅटोच्या अनेक जातींत स्त्रीकेसराचं टोक परागकोशांच्या नळीबाहेर डोकावतं. मधमाश्यांच्या तिथल्या जाती येतात, फूल धरून गुणगुणतात, त्या थरथरीने पराग झडतात आणि एका फुलाचे दुसऱ्याला मिळतात. लागवडीच्या टोमॅटोत हे टोक हळूहळू आत सरकलं. आता फूल स्वतःचंच काम स्वतः करतं. नवव्या मजल्यावर एकही माशी फिरकली नाही तरी टोमॅटो लागू शकतो, तो यामुळे. पण थरथर तरी हवीच. वारा लागत नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला फुलांच्या घोसाच्या देठाला टिचकी मारा. हरितगृहांत 1980च्या दशकाच्या शेवटी पाळलेले भुंगे सोडायला लागले, त्याआधी माणसं विजेवर थरथरणाऱ्या कांड्या घेऊन ओळीओळीने हिंडत. आपल्या टिचकीला एवढी मोठी परंपरा आहे.

आता उंचीकडे येऊ. 1914मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात एक वेगळं झाड सापडलं. साध्या टोमॅटोला तीन पानं, मग फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, असं न थांबता वाढायची सवय असते. या झाडाचे घोस जवळजवळ येत गेले आणि शेवटी शेंडाच फुलात संपला. आपोआप झालेला जनुकीय बदल होता तो. त्यातून बुटक्या, एकदम फळणाऱ्या जाती निघाल्या. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात तोडणीची यंत्रं शेतात उतरली, तेव्हा याच जाती कामाला आल्या, कारण यंत्राला सगळी फळं एकाच वेळी पिकलेली लागतात. सॉसच्या कारखान्याचा टोमॅटो आणि तुमच्या गॅलरीतला बुटका टोमॅटो सख्खे भाऊ आहेत. फ्लोरिडा विद्यापीठाने 1989मध्ये शोभेसाठी 'मायक्रो-टॉम' नावाची वीतभर उंचीची जात दिली आणि पुढे ती जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली.

म्हणजे तक्रारींमधलं अर्धं कोडं इथे सुटतं. बाजारातला टोमॅटो पिळून त्याच्या बिया लावल्या, तर तो बहुधा संकरित असतो. त्याची पुढची पिढी कशी निघेल याचा भरवसा नाही, आणि पुष्कळदा ती तार-बांबूवर चढणाऱ्या वाणाची असते. नारायणगाव किंवा कोलारच्या शेतातल्या वेलीला आठ इंची कुंडीत कोंडलं, तर दोष तिचा नाही. बुटकं वाण मागून घ्या. दिल्लीच्या पुसा संस्थेचं 'पुसा अर्ली ड्वार्फ' आहे, चेरी टोमॅटोचेही लहान वाण मिळतात. उंच वाणच हवं असेल तर पंधरा-वीस लिटरची बादली, भक्कम काठी आणि बगलफूट खुडायची तयारी ठेवा. बुटक्या वाणाची बगलफूट मात्र खुडू नका, फळं तिच्यावरच येतात.

उरलेलं अर्धं कोडं हवामानाचं आहे. हे पीक थंड रात्रींचं. दिवस पस्तीस अंशांवर आणि रात्रही उबदार राहिली की पराग नीट तयार होत नाहीत, मग कितीही खत घाला, फूल गळणारच. नत्राचं खत जास्त झालं तर उलट पानंच माजतात. हैदराबाद, नागपूर, बडोदा इथल्या मंडळींनी सप्टेंबरच्या आसपास बी टाकावं, म्हणजे फुलं थंडीत येतील. बंगळुरूकरांना वर्षभर मुभा आहे. ते नशीब.

कुंडीतल्या फळांची बुडं काळी पडतात, त्याबद्दलही खूप जण विचारतात. तो रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबर पोचतं. शेतातल्या मुळांना खोल ओल सापडते, कुंडी मात्र दुपारपर्यंत कोरडी होते आणि संध्याकाळी आपण ती तुडुंब भरतो. त्यामुळे चुना-अंड्याची टरफलं टाकण्याआधी पाणी रोज ठरल्या वेळी घाला आणि मातीवर वाळलेल्या पानांचा दोन बोटं जाड थर द्या. बोट मातीत घालून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी.