कमानिया गेटचं वर्ष आणि खाणीतला स्फोट

जबलपूरचं कमानिया गेट ही १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. सुभाषबाबूंचं ते अधिवेशन सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी देशात कोळसा खाणींच्या सुरक्षेचाही एक कायदा झाला. खोदून रिकाम्या झालेल्या पोकळ्या वाळूने भरायला पैसा मिळावा, म्हणून कोळशावर कर बसला. त्याआधी, १८ डिसेंबर १९३६ला, बंगालमधल्या पोइडीह खाणीत स्फोट होऊन २०९ माणसं गेली होती.

एका स्फोटात इतकी माणसं कशी जातात? फौजेत शिकलेली साधी गोष्ट सांगतो. मोकळ्या मैदानात स्फोटाचा दाब चहूकडे पसरून विरतो. बोगद्यात त्याला पुढे आणि मागे एवढ्याच वाटा, म्हणून तो दूरवर पोचतो.

कोळशातून मिथेन निघतो. हलका असल्याने तो छताशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असलं की एक ठिणगी पुरते. पण हा पहिला भडका पुष्कळदा छोटा असतो. त्याच्या पुढे धावणारी हवेची लाट जमिनीवरची कोळशाची भुकटी उडवते, मागून आलेली ज्वाळा ती पेटवते आणि त्या दाबाने आणखी पुढची भुकटी उडते. फटाक्यांची माळच ती. हवा खेळवणाऱ्या भिंती आणि दारं मोडतात. मागे उरतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आगीतून वाचलेले कित्येक जण त्याने जातात.

उपाय मात्र साधा आहे. १८८६मध्ये इंग्लंडच्या ऑल्टॉफ्ट्स खाणीत स्फोट झाला, तेव्हा विल्यम गारफोर्थ यांच्या लक्षात आलं की दगडाची धूळ होती तिथे ज्वाळा थांबली. म्हणून खाणीत चुनखडीची पूड पसरतात. लाटेबरोबर तीही उडते, उष्णता शोषते आणि ज्वाळा विझते.

हे कळून अनेक दशकं लोटल्यावर, २८ मे १९६५ला, तेव्हाच्या बिहारमधल्या ढोरी खाणीत कोळशाच्या भुकटीच्याच स्फोटात २६८ माणसं गेली.

आपल्या दक्षिणेला पेंच-कन्हान खोऱ्यात आजही माणसं जमिनीखाली उतरतात. कायदा एकदा होतो. भुकटी रोज नव्याने साचते, म्हणून पूडही पुन्हा पुन्हा टाकावी लागते. माणसाचा जीव त्या कामावर असतो.