झाडू कुणाच्या हातात, पाणी कुणाच्या घागरीत?

गावोगावच्या श्रमदानाचे फोटो रोज पाहायला मिळतात. शेजारीपाजारी जमतात, विहीर उपसतात, पार बांधतात, रस्ता झाडतात. चांगलंच आहे. पण आम्ही आधी झाडू कुणाच्या हातात आहे ते पाहतो. ही आमची खोड नाही, इतिहास आहे.

सार्वजनिक जागा राखणं आमच्या आज्या-पणज्यांना नवं नव्हतं. चावडी झाडायची, वेस राखायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं. याला गावाने सहकार्य म्हटलं नाही, महारकी म्हटलं. झाडलेल्या चावडीवर बसायची मात्र सोय नव्हती. 19 मार्च 1928 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच जोखडाविरुद्ध. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं.

आता महाड पाहा. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मुभा असावी, असा बोले ठराव 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह पाणी प्यायले आणि तेव्हा कुठे सनातनी शेजाऱ्यांना तळ्याची काळजी वाटू लागली! सगळे जमले, 108 घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र मंत्र म्हणत तळ्यात ओतलं. एकजुटीचं कामच होतं ते. 4 ऑगस्टला नगरपालिकेने खुलेपणाचा ठरावही मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला 17 मार्च 1937 रोजी, दहा वर्षांनी.

त्याच काळात दुसरी एकजूट उभी राहत होती. 1924 च्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहं, वाचनालयं काढण्याचं उद्दिष्ट ठेवलं. 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झालं. पुढे वस्त्यावस्त्यांत घरटी वर्गणीतून समाजमंदिरं आणि 1956 नंतर विहारं उभी राहिली. पत्रे कुणी आणले, विटा कुणी वाहिल्या, हे म्हाताऱ्यांना अजून आठवतं. (हल्ली पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं, ते वेगळं.) तिथे झाडणाराच सतरंजीवर बसायचा, पेपर वाचायचा.

म्हणून गावच्या पुढच्या श्रमदानाला आपण जरूर जाऊ. मात्र आदल्या दिवशीच्या बैठकीत विचारू: गटार कोण काढणार, मंदिराचा पार कोण रंगवणार आणि नव्या नळाची तोटी आपल्या गल्लीत कधी येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.